रोमन चांदीच्या नाण्यांवरील विजय: ते कितपत खरे मानावेत?

इतिहासाच्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: रोमन चांदीच्या नाण्यांवर गुडघे टेकलेला राजा, हात मागे बांधलेला कैदी, खांबावर चढवलेली शत्रूची शस्त्रे अशी चित्रे वारंवार दिसतात आणि शेजारी अमुक देश जिंकल्याचा लेख असतो. अशा नाण्याला त्या विजयाचा समकालीन पुरावा म्हणून वापरता येईल का, आणि वापरायचे असेल तर कोणती काळजी घ्यावी?

माझे मत असे आहे की ही नाणी प्रथम दाव्याचा पुरावा असतात. कोणी, कोणत्या वर्षी, कोणापुढे, कोणता विजय आपल्या नावावर लावला हे ती विलक्षण अचूकपणे सांगतात. तो विजय प्रत्यक्षात कसा आणि किती झाला हे मात्र दुसऱ्या साधनांवरून तपासावे लागते. अनेक वर्षे या नाण्यांच्या सूची करताना मला असे दिसत आले आहे की दावा आणि घटना यांतील अंतर मोजता आले, तरच नाणे खऱ्या अर्थाने बोलू लागते. म्हणून काही नाणी एकेक करून पाहू.

त्याआधी या नाण्याची जात समजून घ्यावी. डिनारियस हे रोमचे मुख्य चांदीचे नाणे इ.स.पू. २११च्या सुमारास, कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्याशी चाललेल्या युद्धाच्या ऐन धामधुमीत सुरू झाले. आरंभी त्याचे वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास होते, पुढे ते चार ग्रॅमच्या किंचित खाली स्थिरावले. नाणी हाताने पाडली जात. खालचा ठसा ऐरणीत बसवलेला असे, वरचा हातात धरलेला असे, मध्ये चांदीची चकती ठेवून वरून हातोड्याचा घाव घालत. टांकसाळीतून बाहेर पडणारी ही चांदी मुख्यतः शासनाची देणी भागवण्यासाठी असे आणि त्या देण्यांत सैन्याचा पगार सर्वांत मोठा होता. पहिला सम्राट ऑगस्टस याच्या काळात लीजनमधील (रोमन सैन्याच्या मुख्य तुकडीतील) साध्या सैनिकाला वर्षाला २२५ डिनारियस मिळत. विजयाचे चित्र सर्वांत आधी कोणाच्या हातात पडत होते, हे यावरून लक्षात येईल.

प्रजासत्ताकाच्या काळात नाण्यांवर देखरेख करण्यासाठी दरवर्षी तरुण अधिकारी नेमले जात. राजकारणात नुकतेच पाऊल टाकणारे हे लोक नाण्याच्या चित्रासाठी बहुधा आपल्या घराण्याचा पराक्रम निवडत. इ.स.पू. ६२मध्ये लूसियस एमिलियस लेपिडस पॉलस याने पाडलेल्या डिनारियसवर मधोमध विजयचिन्ह, म्हणजे खांबावर चढवलेली शत्रूची शस्त्रे, आहे, त्याच्या एका बाजूला टोगा नेसलेला एमिलियस पॉलस आणि दुसऱ्या बाजूला मॅसिडोनियाचा राजा पर्सियस आपल्या दोन मुलांसह कैदी म्हणून उभा आहे. हा विजय खराच मोठा होता. पिडना येथील लढाई इ.स.पू. १६८मध्ये झाली आणि तिच्यामुळे रोमच्या तिजोरीत इतकी संपत्ती आली की पुढच्या वर्षापासून रोमन नागरिकांवरचा प्रत्यक्ष युद्धकर बंद झाला. परंतु नाणे पाडले गेले त्या घटनेनंतर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि पाडणारा त्या सेनानीच्या थेट वंशातील नव्हता, एमिलियस कुळाच्या दुसऱ्या शाखेतला होता. पिडनाच्या लढाईविषयी या नाण्यावरून नवे काहीच कळत नाही. इ.स.पू. ६२मधल्या एका महत्त्वाकांक्षी तरुणाला कोणता पूर्वज उसना घ्यावासा वाटला, हे मात्र स्पष्ट कळते.

फॉस्टस कॉर्नेलियस सुल्ला याचे इ.स.पू. ५६चे नाणे याहून बोलके आहे. उंच आसनावर त्याचा बाप सुल्ला बसला आहे, समोर मॉरिटानियाचा राजा बोखस गुडघे टेकून ऑलिव्हची फांदी पुढे करतो आहे आणि मागे हात बांधलेला जुगुर्था आहे. जुगुर्थाला इ.स.पू. १०५मध्ये सुल्लाच्या हवाली करण्यात आले, तेव्हा मोहिमेचा सेनापती मारियस होता आणि विजयोत्सवही त्यानेच साजरा केला. सुल्लाने मात्र हा प्रसंग आपल्या मुद्रेच्या अंगठीवर कोरून घेतला होता आणि त्यावरून दोघांचे वैर वाढले, असे प्लुटार्कने नोंदवले आहे. म्हणजे हे नाणे अंगठीवरच्या चित्राची आवृत्ती आहे आणि शत्रूइतकेच ते मारियसच्या आठवणीलाही उद्देशून आहे.

आता ज्या नाण्यापाशी मी प्रत्येक विद्यार्थ्याला थांबवतो ते पाहू. इ.स.पू. ५८मध्ये मार्कस एमिलियस स्कॉरस आणि पब्लियस प्लॉटियस हिप्सेयस या दोन एडाइल (नगरव्यवस्था आणि सार्वजनिक खेळ पाहणाऱ्या) अधिकाऱ्यांनी मिळून एक डिनारियस पाडला. एका बाजूला उजवीकडे तोंड करून उभा असलेला उंट आहे. त्याच्यापुढे एक पुरुष गुडघ्यावर आहे, डाव्या हातात लगाम, उजव्या हातात फीत बांधलेली ऑलिव्हची फांदी. खालच्या पट्टीत लेख आहे ‘रेक्स अरेतास’, म्हणजे राजा अरेतास. वर स्कॉरसचे नाव व पद, आणि बाजूला सिनेटच्या ठरावाने नाणे पाडल्याची दोन-तीन अक्षरे आहेत. मागच्या बाजूला चार घोड्यांच्या रथातून वज्र फेकणारा ज्युपिटर आहे आणि हिप्सेयसच्या एका पूर्वजाने प्रिव्हर्नम नावाचे इटलीतील नगर जिंकल्याचा उल्लेख आहे. एकाच चकतीवर दोन तऱ्हेच्या बढाया आहेत. हिप्सेयसने जुन्या रीतीप्रमाणे चौथ्या शतकातला पूर्वज पुढे केला. स्कॉरसने मात्र स्वतःच्याच कारकिर्दीतला प्रसंग नाण्यावर आणला, आणि रोमन नाण्यांत ही गोष्ट नवी होती.

प्रसंग तरी काय होता? रोमन सेनानी पॉम्पी याने पूर्वेकडून परतताना स्कॉरसला सीरियात मागे ठेवले. स्कॉरसने इ.स.पू. ६२मध्ये नाबाती या अरब लोकांचा राजा अरेतास तिसरा याच्या पेट्रा नगरावर चाल केली. वाट अवघड होती, सैन्याची उपासमार झाली आणि शेजारच्या यहुदी दरबारातील अँटिपेटरने धान्य पुरवले. शेवटी अँटिपेटरच्याच मध्यस्थीने अरेतासने ३०० टॅलेंट चांदी दिली आणि स्कॉरसने मोहीम आवरती घेतली, असे इतिहासकार जोसेफसच्या वर्णनावरून कळते. पेट्रा पडले नाही, राजा पकडला गेला नाही, राज्यही त्याच्याकडेच राहिले. नाण्यावर मात्र तो गुडघे टेकून शरण आलेला दिसतो. एडाइल म्हणून स्कॉरसने भरवलेले खेळ रोममध्ये गाजले, पाच मगरी आणि एक पाणघोडा त्याने लोकांना दाखवला असे प्लिनी सांगतो. हे नाणे त्याच वर्षीचे आहे. ते प्रचंड संख्येने पाडले गेले आणि म्हणूनच आजही प्रजासत्ताकाच्या सर्वांत सहज आढळणाऱ्या डिनारियसांपैकी ते एक आहे. मला या नाण्याविषयी विशेष आस्था आहे, कारण गुडघे टेकलेला परका राजा हे चित्र इथून पुढे रोमन चांदीवर रुळले आणि त्या चित्राच्या मुळाशीच तहाची रक्कम आहे.

तीन वर्षांनी, इ.स.पू. ५५मध्ये, ऑलस प्लॉटियसने जवळजवळ हेच चित्र पुन्हा वापरले आणि खाली ‘बॅक्खियस यूदेयस’, म्हणजे यहुदी बॅक्खियस, असे नाव घातले. हा बॅक्खियस नेमका कोण, यावर अभ्यासकांत एकमत नाही. एकदा साचा ठरला की नाव बदलून तो कोणालाही लावता येत होता, एवढे त्यावरून दिसते.

ज्युलियस सीझरच्या काळात जिवंत सेनानीच नाण्याचा धनी झाला. इ.स.पू. ४९मध्ये त्याने रोममधील सॅटर्नच्या मंदिरातली तिजोरी ताब्यात घेतली. त्याच यादवीच्या आरंभीच्या काळात त्याने हत्तीचे प्रसिद्ध नाणे पाडले. हत्तीच्या पायाखाली जे काही चिरडले जात आहे ते कोणी साप मानतात, कोणी गॉल लोकांचे युद्धाचे शिंग मानतात. खाली फक्त ‘सीझर’ एवढे नाव आहे. दुसरे नाणे इ.स.पू. ४८मधले, लूसियस होस्टिलियस सासेर्ना याने पाडलेले. त्यावर गालफडे बसलेला, केस मागे उडालेला, गळ्यात साखळी असलेला एक गॉल पुरुष आणि त्याच्या मागे ढाल दिसते. लिलावाच्या सूचींत या चेहऱ्याला सर्रास व्हर्सिंगेटोरिक्स म्हटले जाते आणि त्या नावामुळे किंमत कितीतरी वाढते. हा गॉल नेता इ.स.पू. ५२मध्ये अलेशिया येथे शरण आला होता आणि नाणे पडले तेव्हा तो रोममध्ये कैदेतच होता, इ.स.पू. ४६च्या विजयोत्सवानंतर त्याला मारण्यात आले. त्यामुळे ओळख अशक्य नाही. पण नाण्यावर त्याचे नाव नाही, आणि त्याच्या स्वतःच्या सोन्याच्या नाण्यांवर जो तरुण, देवासारखा चेहरा आहे त्याच्याशी याचे काही साम्य नाही. विद्यार्थ्याने आपल्या लेखनात ‘गॉल कैदी’ असेच म्हणावे, असा माझा आग्रह असतो.

ऑगस्टसपाशी आले की नाण्याचे राजकारण अधिक काळजीपूर्वक वाचावे लागते. इ.स.पू. २८च्या डिनारियसवर मगर आहे आणि वर-खाली ‘एजिप्तो काप्ता’, म्हणजे इजिप्त जिंकले, असा लेख आहे. इजिप्त खरोखरच जिंकले गेले होते, अलेक्झांड्रिया इ.स.पू. ३०च्या ऑगस्टमध्ये पडले आणि तेथील राजवट कायमची संपली. तरी या नाण्यावर जे नाही ते तितकेच महत्त्वाचे आहे. त्या युद्धातला मुख्य प्रतिस्पर्धी मार्क अँटनी हा रोमन होता, आणि रोमनाने रोमनावर मिळवलेला विजय साजरा करण्याची प्रथा नव्हती. मगरीने अँटनीला झाकून टाकले. जिथे विजय खरा असतो तिथेही तो कोणावर मिळवला हे सांगताना नाणे निवड करते, याचे इतके चांगले उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही. (खजुराच्या झाडाला बांधलेल्या मगरीची जी नाणी बाजारात फार दिसतात ती गॉलमधील नीम येथील आहेत, तांब्या-पितळेची आहेत आणि वेगळी आहेत. दोहोंची गल्लत करू नये.)

याच ऑगस्टसच्या, इ.स.पू. १९च्या सुमाराच्या डिनारियसवर विजार घातलेला एक पार्थियन (रोमच्या पूर्वेकडील प्रतिस्पर्धी साम्राज्यातला माणूस) गुडघे टेकून रोमन ध्वज परत करताना दिसतो. रोमन सेनानी क्रॅसस याच्या सैन्याचा इ.स.पू. ५३मध्ये कॅऱ्ही येथे धुव्वा उडाला, तेव्हा हे ध्वज शत्रूच्या हाती पडले होते. ते इ.स.पू. २०मध्ये वाटाघाटीने परत मिळाले, लढाई झाली नाही. चित्र मात्र स्कॉरसच्या अरेतासचेच आहे: तोच गुडघा, तोच पुढे केलेला हात, फक्त फांदीच्या जागी ध्वज. आर्मेनियाच्या बाबतीत तर ऑगस्टसने स्वतःलाच खोडले आहे. त्या सुमाराच्या चांदीवर ‘आर्मेनिया काप्ता’ असा लेख आढळतो, आणि आपल्या कार्याचा जो वृत्तांत त्याने शिलालेखांत कोरवून घेतला त्यात तो म्हणतो की आर्मेनियाचा प्रांत करणे शक्य असताना आपण ते राज्य तिग्रानेस या राजाकडे सोपवणे पसंत केले. एकाच माणसाची दोन अधिकृत विधाने आहेत आणि दोन्ही आपल्या हाती आहेत. पगार घेणाऱ्या सैनिकासाठी एक आणि कोरीव वृत्तांत वाचणाऱ्यासाठी दुसरे, असा फरक त्यात मला दिसतो.

क्लॉडियसविषयी थोडक्यातच सांगतो. ब्रिटनवरील स्वारी इ.स. ४३ची, त्यात सम्राट स्वतः बेटावर केवळ १६ दिवस होता. इ.स. ४६-४७च्या डिनारियसवर ‘दे ब्रितान’, म्हणजे ब्रिटनवरील विजयाबद्दल, असा लेख असलेली विजयाची कमान दिसते. रोममधील त्या कमानीचा उपलब्ध शिलालेख मात्र इ.स. ५१-५२चा आहे. नाण्यावरची इमारत प्रत्यक्ष इमारतीच्या आधीही येऊ शकते, हे ध्यानात ठेवावे.

यूदेयाच्या, म्हणजे यहुद्यांच्या देशाच्या, नाण्यांकडे मात्र सावकाश पाहायला हवे, कारण या विषयावर सर्वांत जास्त लिहिले जाते आणि सर्वांत जास्त ढोबळपणेही. यहुद्यांचा उठाव इ.स. ६६मध्ये सुरू झाला. तो मोडण्यासाठी पाठवलेला व्हेस्पेशियन इ.स. ६९च्या यादवीतून सम्राट झाला आणि जेरुसलेमचा वेढा त्याने मुलावर, टायटसवर सोपवला. या विजयाच्या सगळ्याच नाण्यांना संग्राहक सरसकट ‘यूदेया काप्ता’ म्हणतात. तो पूर्ण लेख मुख्यतः इ.स. ७१च्या पितळी सेस्टर्शियससारख्या मोठ्या नाण्यांवर आहे, ज्यांवर खजुराच्या झाडाखाली शोक करणारी स्त्री आणि शेजारी उभा कैदी दिसतो. नेहमी आढळणाऱ्या रोमच्या टांकसाळीतील डिनारियसवर फक्त ‘यूदेया’ एवढाच शब्द आहे: विजयचिन्हाच्या पायाशी एक स्त्री जमिनीवर बसली आहे आणि तिने हातावर डोके टेकले आहे. हे चित्र जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या जागेत कोरलेले असते, तरी चांगल्या प्रतीवर तिच्या खांद्याचा उतार आणि वाकलेली मान स्पष्ट दिसते.

या डिनारियसची तारीख लक्षपूर्वक पाहावी. दर्शनी बाजूवरच्या पदव्यांवरून त्याची सुरुवात इ.स. ६९च्या अखेरीपासून ७०च्या आरंभापर्यंत झाली, असे आता मानले जाते. जेरुसलेम पडले ते इ.स. ७०च्या ऑगस्ट-सप्टेंबरात. गॅलिली आणि बराचसा मुलूख व्हेस्पेशियनने आधी घेतला होता हे खरे, पण राजधानी अजून पडलेली नसतानाच रोममध्ये शोकमग्न यूदेयाचे नाणे पडत होते. कारण उघड आहे. नवा सम्राट ज्या यादवीतून गादीवर आला तिच्यात हरलेले सगळे रोमन होते, त्यामुळे साजरा करता येईल असा परका शत्रू त्याच्यापाशी एकच होता. त्याच्या राजवटीला पूर्वज नव्हते, म्हणून यूदेयाला ती जागा भरावी लागली. पुढे लुटीच्या पैशातून कोलोसियम उभे राहिले, आणि जेरुसलेमच्या मंदिरासाठी यहुदी लोक जो वार्षिक कर देत तोच दरसाल दोन ड्राख्मांचा (ग्रीक पद्धतीच्या चांदीच्या नाण्यांचा) कर रोमच्या ज्युपिटरच्या मंदिरासाठी वसूल होऊ लागला. तेव्हा ही नाणी वाचताना तिच्या शोकाचा अर्थ पैशातही मोजला जात होता, हे विसरू नये.

व्हेस्पेशियनचा धाकटा मुलगा डोमिशियन याने इ.स. ८३मध्ये जर्मनांवरील विजयाचा उत्सव केला आणि ढालीवर बसलेली, मोडका भाला खाली टाकलेली जर्मेनिया चांदीवर आणली. रोमन इतिहासकार टॅसिटस या उत्सवाची खिल्ली उडवतो. गुलाम विकत घेऊन त्यांना कैद्यांसारखा वेष आणि केशरचना दिली, असे तो लिहितो. हा उतारा सगळे उद्धृत करतात, पण टॅसिटसने तो डोमिशियनच्या मृत्यूनंतर, त्याची निंदा सोयीची असताना लिहिला, हेही सांगितले पाहिजे. ऱ्हाईनपलीकडे रोमची हद्द त्या काळात खरोखरच पुढे सरकली होती. शिवाय याच सुमारास डोमिशियनने सैनिकाचा पगार २२५वरून ३०० डिनारियसांवर नेला. जर्मेनियाचे चित्र आणि वाढीव पगार सैनिकाच्या तळहातावर एकत्रच पोचले असणार. म्हणून नाण्याचा दावा तपासताना साहित्यातील साक्षीदारही तितक्याच कडकपणे तपासावा.

सम्राट ट्रेजनच्या डेसियाच्या (आजच्या रुमानियाच्या भागातील देशाच्या) नाण्यांबाबत दावा आणि घटना जवळ येतात. इ.स. १०१-१०२ आणि १०५-१०६ अशी दोन युद्धे झाली, राजा डेसिबालसने आत्महत्या केली आणि देश प्रांत झाला. शस्त्रांच्या ढिगावर बसलेला डेसियन, त्याच्या जवळ वाकड्या पात्याची ती प्रसिद्ध तलवार, खाली ‘डाक. काप.’, म्हणजे डेसिया जिंकली: या चांदीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. त्याच ट्रेजनच्या दुसऱ्या नाण्यावर हातात फांदी घेतलेली अरेबिया उभी आहे आणि तिच्या पायाशी लहानसा उंट आहे. नाबाती राज्य इ.स. १०६मध्ये खालसा झाले ते मोठ्या युद्धावाचून, आणि या नाण्यावर बांधलेला कैदी नाही, शोक नाही. लेखही ‘जिंकली’ असा नसून ‘मिळवली’ असा आहे. दीडशे वर्षांपूर्वी स्कॉरसने पैसे घेऊन सोडलेला तोच हा मुलूख. न जिंकलेल्या राजाला गुडघ्यावर आणणारे नाणे आणि खरोखर खालसा केलेल्या देशाला सन्मानाने उभे करणारे नाणे शेजारी ठेवून पाहिली, तर नाण्यावरचा आवाज आणि प्रत्यक्षातली सत्ता यांचे प्रमाण बऱ्याचदा उलटे असते असे मला वाटते.

त्यापुढचा काळ झपाट्याने ओलांडता येईल. लूसियस व्हेरसच्या चांदीवर आर्मेनिया पुन्हा शोक करते, सेप्टिमियस सेव्हेरसच्या चांदीवर पार्थियन कैदी पाठीला पाठ लावून विजयचिन्हाखाली बसतात, आणि त्याच्या अखेरच्या वर्षांत ब्रिटनवरील विजयाची देवता येते. पदव्या लांबत गेल्या, चांदी मात्र उतरत गेली. सेव्हेरसच्या काळात डिनारियसमधली शुद्ध चांदी निम्म्याच्या आसपास आली होती, आणि तिचे एक मोठे कारण त्याने वाढवलेले सैन्याचे पगार हेच होते. त्यामुळे लेखाइतकेच लक्ष नाण्याच्या कसाकडे द्यावे.

प्रत्यक्ष नाणे हाती आल्यावर मी ज्या क्रमाने पाहतो तो सांगतो. प्रथम दर्शनी बाजूवरच्या पदव्या वाचाव्यात, कारण कितव्यांदा कॉन्सल (रोममधील सर्वोच्च वार्षिक पद), कितव्या वर्षीचा लोकाधिकार (सम्राटाला दरवर्षी नव्याने मोजला जाणारा अधिकार), कितव्यांदा सैन्याने केलेला जयघोष या आकड्यांवरून बहुतेक वेळा वर्ष ठरते, कधीकधी महिन्यांपर्यंतही जाता येते. मग त्या वर्षी नाणे पाडणाऱ्याला कशाची गरज होती ते शोधावे, आणि त्यानंतरच मागच्या बाजूचे चित्र पाहावे. उलट क्रमाने गेल्यास चित्र आपल्यावर कुरघोडी करते. वजन आणि कडा जरूर पाहाव्यात. तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवलेली प्राचीन बनावट नाणी पुष्कळ आहेत आणि कडेला पत्रा फाटला की आतला हिरवा गंज दिसतो. आधुनिक ओतीव नकलेत बारीक बुडबुडे, बुजलेली अक्षरे आणि कडेवर घासलेली जोडरेषा आढळते. मगरीच्या आणि गॉल कैद्याच्या नाण्यांच्या नकला विशेषतः पुष्कळ, कारण मागणी त्यांनाच आहे. काहीही झाले तरी नाणे घासून चकचकीत करू नये, ठशाच्या बारीक रेषा त्यात कायमच्या जातात.

आपल्याकडे सापडणाऱ्या रोमन चांदीविषयीही याच ओघात सांगणे आवश्यक आहे. भारतातील, विशेषतः दक्षिणेतील नाणेनिधींत प्रामुख्याने ऑगस्टसचे गायस आणि लूसियस या नातवांचे नाणे आणि टायबेरियसचे बसलेल्या स्त्रीचे नाणे आढळते. ही व्यापारात विश्वासाची ठरलेली छाप होती. विजयाची नाणी त्यांत क्वचितच असतात. नीरोने इ.स. ६४च्या सुमारास डिनारियसचे वजन आणि कस दोन्ही उतरवल्यावर ही आवक ओसरली. त्यामुळे महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतात मगरीचे नाणे सापडल्याची कथा विक्रेता सांगू लागला, तर आधी त्या कथेचीच तपासणी करावी.

शेवटचा मुद्दा पुन्हा टंकित केलेल्या नाण्यांचा आहे, आणि माझ्या मते चांदीवर विजयाची सर्वांत भरवशाची खूण तीच आहे. नाबाती राज्य खालसा झाल्यावर तेथील राजांच्या चांदीच्या ड्राख्मा गोळा करून त्यांवर ट्रेजनचे ठसे मारण्यात आले. जुनी चकती नीट तापवली नाही किंवा घाव हलका पडला, तर नव्या चित्राखालून जुने चित्र डोकावते. पुढे इ.स. १३२मध्ये बार कोखबाच्या नेतृत्वाखाली यहुद्यांनी पुन्हा उठाव केला, तेव्हा त्यांनी रोमन डिनारियस आणि ट्रेजनच्या याच ड्राख्मा घेऊन त्यांवर द्राक्षांचा घड, वीणा, खजुराची फांदी आणि ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’ असा प्राचीन हिब्रू लिपीतला लेख उठवला. असे नाणे उजेडात तिरके धरून फिरवले की वीणेच्या तारांच्या कडेने सम्राटाच्या मुकुटाची फीत किंवा नावाची दोन-तीन लॅटिन अक्षरे दिसतात. काही चकत्यांवर तर नाबाती, रोमन आणि यहुदी अशी तिन्ही राज्ये एकाच चांदीतून गेलेली असणार. इथे चित्रकाराच्या कल्पनेला वाव कमी आहे. शत्रूचे नाणे हाती असल्याशिवाय त्यावर ठसा मारता येत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे उदाहरण घराजवळच मिळेल. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६मध्ये क्षहरात क्षत्रप नहपान याच्या चांदीच्या नाण्यांचा निधी सापडला. त्यात १३,०००हून अधिक नाणी होती आणि त्यांपैकी ९,०००हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप मारली होती: एका बाजूला तीन कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह (टोकांना वर्तुळे असलेली फुली). त्याखालून नहपानाचा चेहरा आणि मोडक्या ग्रीक अक्षरांतला लेख जागोजागी दिसतो. नाशिकच्या पांडवलेण्यांतील गौतमी बलश्रीच्या लेखात तिच्या मुलाला क्षहरात वंश निर्मूल करणारा म्हटले आहे. शिलालेख आणि छाप ही दोन्ही जेत्याचीच विधाने आहेत, म्हणून केवळ त्यांच्या बेरजेवर समाधान मानू नये. तिसरी गोष्ट अधिक मोलाची आहे: त्या निधीतील सुमारे ४,००० नाणी छापेवाचून तशीच राहिली आहेत. जुनी आणि पुन्हा टंकित नाणी एकत्र साठवली गेली, म्हणजे सत्ता बदलल्यानंतरही दोन्ही बाजूबाजूला चालत होती किंवा छाप मारण्याचे काम अर्ध्यावर थांबले होते. ही माहिती कोणी कोणाला सांगण्यासाठी नाण्यावर कोरलेली नाही, आणि रोमन निधींचाही अभ्यास याच रीतीने करावा, असे मी प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीला सुचवीन: एकटे सुंदर नाणे न घेता ते ज्या निधीत सापडले तो संपूर्ण निधी, त्यातली झिजलेली, तुटलेली आणि बिनविजयाची नाणीही मोजून, टेबलावर मांडावा.